डोळे मिटले की तेच हात

तो माझ्याकडे उपचारासाठी आला तेव्हा नऊ रात्री नीट झोपला नव्हता. वय 20, इतिहासाचा विद्यार्थी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी सैन्याच्या ‘युनिट 731’वरचा चित्रपट त्याने रात्री एकट्याने पाहिला होता. चीनमधल्या हार्बिनजवळ, पिंगफांगला, या तुकडीने माणसांवर प्रयोग केले. प्लेगची लागण करणं, भूल न देता शरीर उघडणं, हात गोठवणं. ते गोठलेले हात आता जेवताना, वाचताना, केव्हाही त्याच्या समोर येत होते.

“मॅडम, मला वेड तर लागत नाहीये ना?”

अशा चित्रपटानंतर हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. नाही, वेड लागत नाहीये. भीतीत पाहिलेलं दृश्य न बोलावता परत येतं आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत फिकं पडतं. महिना उलटूनही झोप येत नसेल, किंवा स्वतः सोसलेली एखादी जुनी हिंसा त्यामुळे वर आली असेल, तर मात्र उपचार घ्यावेत. आणि असा चित्रपट नुकताच पाहिला असेल तर ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की भीषण चित्रफितीनंतर अर्ध्या तासाने टेट्रिस खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली.

पण त्याचं दुखणं वेगळंच निघालं. तो प्रसंग त्याने पुन्हा पाच वेळा पाहिला होता.

“का रे?”

“त्यांनी ते भोगलं, आणि मला बघवतही नाही? नजर वळवली की त्यांच्याशी दगा केल्यासारखं वाटतं.”

मला त्याच्याबद्दल फार माया वाटली. ही लाज चांगल्या मनालाच होते. पण ती त्याला चुकीच्या जागी नेत होती. मी विचारलं, त्या तुकडीतले लोक कैद्यांना काय म्हणायचे? त्याला माहीत होतं: ‘मारुता’, म्हणजे लाकडाचे ओंडके. मग सहाव्यांदा ते हात पाहताना तुला माणूस दिसतो का?

तो बराच वेळ गप्प होता. “नाही. फक्त हात.”

मारेकऱ्यांनी जेवढं पाहिलं, तेवढंच तो पुन्हा पुन्हा पाहत होता. आम्ही ठरवलं, तो प्रसंग पुन्हा लावायचा नाही. वाचायचं, तेही दिवसा आणि थोडं थोडं. जपानी लष्करी पोलिसांच्या कागदपत्रांतून तिथे पाठवलेल्या काही कैद्यांची नावं नंतर हाती लागली. 1949 मध्ये सोव्हिएत रशियातल्या खाबारोव्स्कला या तुकडीतल्या काहींवर खटला चालला, त्यातल्या जबान्या आहेत. आणि प्रयोगांची माहिती मिळावी म्हणून अमेरिकेने या तुकडीचा प्रमुख शिरो इशी याच्यावर खटलाच भरला नाही. हे वाचून तो चिडला. भीतीच्या जागी राग आला, याचं मला बरं वाटलं.

चौथ्या भेटीला त्याने वही आणली. पानभर नावं, चिनी आणि रशियन. उच्चार विचारून विचारून देवनागरीत लिहिलेली. हात अजून दिसतात का, मी विचारलं.

“परवा दिसले. उठून पाणी प्यायलो. मग झोप लागली.”