शनिवारचे जादा तास लावण्याआधी

मॅडम, तुमचा प्रश्न असा आहे: पहिल्या वर्षाचे वीस जण मेंटॉर म्हणून तुमच्या गळ्यात पडलेत, गणिताच्या पहिल्या चाचणीत त्यातले निम्मे आपटले, आणि एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणतात की स्लो लर्नरची यादी काढा, शनिवारी जादा तास लावा. मी पुण्यातच बरीच वर्षं प्रथम वर्ष इंजिनिअरिंगला गणित शिकवतोय. माझं मत सरळ सांगतो. यादीही काढू नका आणि कच्च्यांचा वेगळा वर्गही लावू नका.

ही मुलं कच्ची कुठे राहिली ते आधी बघा. एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेत अकरावीला २० टक्के वेटेज आणि बारावीला ८० टक्के. त्यामुळे क्लासवाले अकरावी उरकतात आणि मुलंही उरकतात. आपलं एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचं गणित, मात्र उभं आहे ते नेमकं अकरावीच्या त्रिकोणमितीवर आणि डेरिव्हेटिव्हवर. शिवाय सीईटीला चार पर्याय असतात आणि निगेटिव्ह मार्किंग नसतं. पर्याय घालून बघायचा, जुळला की पुढचा प्रश्न. असा सराव करून आलेल्या पोराला आपण एकदम पानभर स्टेप्स लिहायला लावतो. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत आलेल्याचे तर सुरुवातीचे तास बुडालेलेच असतात. आळशी म्हणून मोकळं होण्याआधी एवढं तरी लक्षात घ्यायला हवं.

तुमच्या नापासांच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढा आणि मार्क न बघता पेन कुठे थांबलंय ते बघा. यू बरोबर टॅन इन्व्हर्स वाय बाय एक्स, याचं एक्सच्या सापेक्ष पार्शल डेरिव्हेटिव्ह काढा, हे नेहमीचं गणित घ्या. वाय कॉन्स्टंट धरायचा हे बहुतेकांना कळलेलं असतं. टॅन इन्व्हर्सचं सूत्रही बरोबर लिहितात. मग खाली 'एक अधिक वाय वर्ग भागिले एक्स वर्ग' असा अपूर्णांकात अपूर्णांक येतो, आणि तिथे शाई थांबते. म्हणजे पार्शल डेरिव्हेटिव्ह आलं आणि आठवीतल्या अपूर्णांकावर घोडं अडलं! शेजारी कुणी बसलं असतं तर वर-खाली एक्स वर्गाने गुण म्हणाला असता, आणि विषय अर्ध्या मिनिटात मिटला असता. त्यासाठी शनिवारी पार्शल डिफरन्सिएशन पुन्हा पहिल्यापासून शिकवून काय साधणार?

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्राइसमन यांनी १९७०च्या दशकात नेमका हा प्रश्न हातात घेतला होता. शाळेत चांगली असणारी कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये का नापास होतात? प्राध्यापकांचे अंदाज ठरलेले होते: इच्छा नाही, पाया नाही, घरून पाठिंबा नाही. ट्राइसमन मुलं अभ्यास करत तिथे जाऊन बसले तेव्हा वेगळंच दिसलं. ही मुलं अभ्यास भरपूर करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र आपापली गणितं सोडवून एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढत. मग त्यांनी गट पाडून कार्यशाळा सुरू केली. तिच्यावर 'रेमेडियल'चा शिक्का नव्हता आणि गणितं मुद्दाम अवघड दिली जात. निकाल स्पष्ट सुधारले.

आपल्याकडे तर एकटेपणाची सोयच करून ठेवलीय. बीड-लातूरचा पोरगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. बाकीच्या कॉटवर एक एमपीएससीवाला, एक नाइट शिफ्टवाला, एक फार्मसीचा. याच्या एम-वनशी कुणाला देणंघेणं नाही. म्हणून अभ्यासिका लावावी, तर तिथे तोंड उघडायची बंदी! पुण्यात शांतपणे एकटं बसून अभ्यास करायला हवी तेवढी जागा मिळते, चौघांनी मिळून गणितावर भांडायला मात्र मिळत नाही. ती जागा कॉलेजनेच द्यायला हवी.

म्हणून असं करा. वीसच्या वीस जणांना बोलवा, पास झालेल्यांनाही. चौघाचौघांचे गट तुम्हीच पाडा. त्यांच्यावर सोडलंत तर हॉस्टेलची मुलं एकीकडे आणि पुण्यातली एकीकडे बसतात. विद्यापीठाच्या जुन्या पेपरमधली दोन-तीन अवघड गणितं द्या आणि स्वतः खडू हातात घेऊ नका. हे शेवटचं सगळ्यात कठीण जातं, आपला हात शिवशिवतो. कुणी विचारलं की शेजाऱ्याकडे बोट दाखवा. वाद मराठीतच होऊ द्या, कागदावर इंग्रजी उतरली म्हणजे झालं. पहिल्या एक-दोन बैठका नुसत्या शांततेत जातात. तरी धीर सोडून शिकवायला लागू नका.

आणखी एक म्हणजे केबिन. शाळेपासून स्टाफरूममध्ये बोलावणं म्हणजे बोलणी खाणं हेच त्यांना माहीत असतं, तेव्हा 'अडचण आली तर या' म्हटलं की कुणीही येत नाही. प्रत्येकाला वेळ ठरवून द्या आणि उत्तरपत्रिका घेऊन बोलवा. दोन गणितं झाली की राहतोस कुठे, मेस कुठली, फॉर्म भरलास का, हे सहज विचारा. गैरहजेरीचं कारण कित्येकदा इथेच सापडतं. कुणी जात वैधता प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याला खेटे घालत असतो, कुणाचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला असतो. मुलींना २०२४-२५ पासून कॅपमधून प्रवेश असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण मेस आणि खोलीचे पैसे द्यावेच लागतात. त्यासाठी 'कमवा आणि शिका' योजनेतलं काम कुणाकडे मागायचं हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारून ठेवा. पुढच्या वर्षासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरून घ्या.

राहता राहिले एचओडी. त्यांना नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीला लावायला कागद हवा असतो, तो द्या. रजिस्टरवर 'ट्यूटोरियल बॅच' लिहा, तारीख टाका, वीस सह्या घ्या. फक्त 'स्लो लर्नर' म्हणून नावं नोटीस बोर्डावर लागू देऊ नका. आणि शनिवार खरंच टाळा. निम्म्यांना दुपारची एसटी धरायची असते, उरलेल्यांचं लक्ष मेसच्या वेळेकडे असतं. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर मुलं कॅम्पसमध्येच असतात. तेव्हाचा एक तास टाइमटेबलवाल्यांकडून आत्ताच मागून घ्या, परीक्षा जवळ आली की वर्ग रिकामा मिळत नाही.