एअर रायफलच्या लाकडी दस्त्याला घरीच खरखरीत स्प्रे मारायचा आहे, किती हात द्यावेत?

हात तीन पुरतात. पण आधी सांगा, त्या लाकडाला कधी तेल लावलंय का? आमच्याकडे याच मुद्द्यावर दोन वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही अमळनेरचे. वडिलांची जुनी एअर रायफल, दस्ता शिसमाचा. दर दिवाळीला ते त्याला अळशीचं तेल चोळायचे. ते गेल्यावर दस्त्याला चीर पडली, मी लप्पम भरला, 220 चा पॉलिश पेपर फिरवला आणि वर खरखरीत काळा स्प्रे मारला. बारीक रवा भुरभुरल्यासारखा सुंदर बसला. आठव्या दिवशी गाल टेकतो तिथे पापडी सुटली. नखाने उचलली, तर आतली बाजू पिवळट, चिकट आणि वास अळशीचा!

मोठा भाऊ अजून म्हणतो, "डबाच हलका व्हता." नव्हता. त्याच डब्यातला उरलेला रंग मी सागाच्या कोऱ्या फळीवर मारला होता. ती फळी आजही पाण्याच्या माठाखाली आहे, कोपरासुद्धा उडालेला नाही. दोष तेलाचाच होता. वडिलांचं तेल चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. तेलाच्या लाकडावर ते न काढता रंग मारणं चुकीचं, आणि ते मीच केलं.

तेव्हा थिनरच्या फडक्याने पुसत राहा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग पेपर, प्रायमर आणि वीत-सव्वा वीत अंतरावरून पातळ हात. शिसमाला रंग मारू नये म्हणतात, ते मला पटत नाही. लप्पम भरलेल्या दस्त्याला हाच फिनिश शोभतो, घामेजल्या हातातून निसटतही नाही. फक्त गालाची जागा गुळगुळीत ठेवा, नाहीतर कातडी सोलते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. दुपारी गच्चीवर मारलात तर थेंब हवेतच वाळतो आणि लाकडावर नुसती भुकटी पडते. सकाळी आठच्या आत उरका.

हे सगळं छऱ्याच्या बंदुकीपुरतं. परवान्याची असेल तर परवानाधारक दुकानदाराकडेच द्या. आणि स्क्रू काढून नळी-ट्रिगर आधी वेगळे करा, तोंडाला मास्क लावा.