निराधार तरुणींचा आश्रम आणि रब्बायांची साथ

प्रश्न : निराधार तरुणींच्या आश्रमाला सढळ हाताने मदत करणाऱ्या एका रब्बायांविषयीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंविषयीचा, स्मरणलेख नुकताच वाचला. अशा कामाच्या पाठीशी ज्यू धर्मगुरू पूर्वीपासून उभे राहत आले आहेत का? त्यांच्या मदतीचे खरे मोल कशात असते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सगळेच उभे राहिले नाहीत, म्हणूनच जे राहिले त्यांचे स्मरण आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व युरोपातील, विशेषतः गॅलिशियातील (आजच्या पोलंड-युक्रेनमधील प्रदेश), गरीब ज्यू मुलींना लग्नाचे किंवा नोकरीचे आमिष दाखवून दलाल परदेशी नेत आणि कुंटणखान्यांत विकत. अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस हे या व्यापाराचे मोठे केंद्र होते. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या परिसरातील ‘सफेद गल्ली’तही अशा काही ज्यू स्त्रिया होत्या. ज्यूद्वेष्ट्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल, या भीतीने समाजातील अनेक पुढारी आणि धर्मगुरू या विषयावर मौन पाळत.

हे मौन मोडणाऱ्यांत जर्मनीतील ज्यू समाजसेविका बेर्टा पापेनहाइम अग्रभागी होत्या. फ्रँकफुर्टमधील मुलींच्या अनाथालयाचे काम अनेक वर्षे सांभाळल्यावर त्यांनी १९०४ मध्ये जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली आणि १९०७ मध्ये फ्रँकफुर्टजवळच्या नॉय-इझेनबुर्ग येथे आश्रम उघडला. फसवल्या गेलेल्या किंवा फसवल्या जाण्याचा धोका असलेल्या मुली, अविवाहित गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांना तेथे आसरा मिळे. राहणी मुद्दाम साधी ठेवलेली होती, पण धर्माचरणात तडजोड नव्हती : स्वयंपाक कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसार, असे, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळला जाई आणि जागेची टंचाई असतानाही केवळ वल्हांडण सणासाठी (या ज्यू सणात खमीर घातलेले अन्न वर्ज्य असते) तळघरात वेगळे स्वयंपाकघर राखलेले होते. समाजाने ज्यांना बाहेर काढले, त्यांना त्याच समाजाच्या सणावारांत पुन्हा सामावून घेण्याचा हा प्रयत्न मला फार मोठा वाटतो.

रब्बायांची साथ नेमकी येथे मोलाची ठरते. अविवाहित ज्यू आईचे मूल केवळ त्या कारणाने ज्यू धर्मशास्त्रानुसार कलंकित ठरत नाही. परंतु ही गोष्ट समाजाने मानावी, यासाठी शास्त्राचा अधिकार असलेल्या व्यक्तीने ती उघडपणे सांगावी लागते. नवऱ्याने टाकलेल्या किंवा ज्यांचे नवरे बेपत्ता झाले आहेत अशा स्त्रियांना धर्मशास्त्रानुसार पुनर्विवाह करता येत नसे आणि त्यांतील कित्येक जणी दलालांच्या जाळ्यात सापडत. यावर रब्बायांनी एकत्र येऊन मार्ग काढावा, असा पापेनहाइम यांचा आग्रह होता. तो मात्र पुरा झाला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या पार्श्वभूमीवर फ्रँकफुर्टचे रब्बाय नेहेमिया आंटोन नोबेल (१८७१–१९२२) यांचे नाव आवर्जून घ्यावेसे वाटते. ते सनातनी परंपरेतील होते, १९१० पासून त्या शहरात धर्मगुरू होते. ज्यू स्त्रियांची संघटना ज्यू समाजाच्या मंडळांच्या निवडणुकांत मताधिकार मागत असताना, धर्मशास्त्राची त्याला आडकाठी नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. आश्रमासारख्या कामांना पैसा कोणी आणि किती द्यायचा हे ठरवणाऱ्या मंडळांत, ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या स्त्रियांनाच मत नव्हते. त्यामुळे नोबेल यांची ही भूमिका एखाद्या देणगीपेक्षा कमी मोलाची नव्हती. तुम्ही वाचलेल्या लेखातील रब्बायांनी पैशाखेरीज आपल्या अधिकाराचे असे काही बळ त्या मुलींच्या मागे उभे केले असेल, तर त्यांच्या स्मृतीत ते प्रथम नोंदले गेले पाहिजे.

पापेनहाइम १९३६ मध्ये निवर्तल्या. नोव्हेंबर १९३८ च्या नाझींच्या ज्यूविरोधी हिंसाचारात आश्रमाची मुख्य इमारत जाळण्यात आली आणि १९४२ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, आश्रम बंद करून उरलेल्यांना तेरेझिनच्या छळछावणीकडे पाठवले. त्या परिसरातील एका घरात आता स्मारक आहे.