टोमॅटोची रोपं नुसतीच लांब झालीत, खालची दोन पानं तोडू का?

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला आठव्या मजल्यावर राहते. गणपती झाल्यावर टोमॅटोचं बी पेपर कपात पेरून किचनच्या खिडकीत ठेवलं, उगवलं छान पण रोपं नुसती लांबच होत गेली, वीतभर झालीत आणि देठ एकदम बारीक, दोन तर आडवी पडलीत, एक हात लागून वरून मोडलं. खाली दोन साधी गुळगुळीत पानं आहेत आणि वर टोमॅटोसारखी दिसणारी तीन. शेजारच्या काकू म्हणतात खालची तोड, आई म्हणते हात लावू नकोस. मिरची, झेंडू, काकडीचंही तेच झालंय. काय करू?
- एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी एक सांगते, रोपं फेकू नका, टोमॅटो तर नक्कीच वाचतो.

खालची दोन पानं म्हणजे बीजपत्रं. डाळिंब्या सोलताना वालाच्या ज्या दोन फाका हातात येतात ना, ती वालाची बीजपत्रंच. टोमॅटोची पातळ असतात, मातीबाहेर येऊन हिरवी होतात आणि खरी पानं येईपर्यंत रोपाचं जेवण तीच बनवतात. म्हणून रोप लहान असताना उगाच तोडायची नाहीत, आई बरोबर आहेत. पण तुमच्या रोपांना आता खरी पानं आलीत आणि देठ मातीत खोल जाणार आहे, तेव्हा काकूही बरोबर. मातीखाली जाणारी पानं नखाने खुडा, दमट मातीत ती कुजतात आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. मातीच्या वर राहणार असतील तर राहू द्या, नंतर आपोआप पिवळी पडून गळतात.

टोमॅटोच्या देठाला मातीत गेल्यावर जागोजागी नवीन मुळं फुटतात, त्यामुळे लांबलचक देठ इथे उलट कामाला येतो. कपापेक्षा खोल कुंडी घ्या, तळाला भोक हवंच, माती, गांडूळखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, समान प्रमाणात घ्या आणि पहिल्या खऱ्या पानाच्या खालपर्यंत रोप पुरा. कुंडी खोल नसेल तर देठ तिरका झोपवून पुरला तरी शेंडा दोन दिवसांत सरळ होतो. उचलताना पानाला धरा, देठाला कधीच नाही. पान गेलं तर दुसरं येईल पण देठ चिरडला की रोप गेलं. हे काम संध्याकाळी करा, आणि नंतर पाणी बेताचंच, कारण चिखलात देठ मातीलगत काळा पडून रोप कोलमडतं.

झेंडूही असाच खोल लावा, त्यालाही देठातून मुळं येतात. मिरची मात्र बीजपत्रांच्या खालपर्यंतच पुरा, तिची ती पानं तोडू नका. काकडीवर मी वेळ घालवणार नाही, तिला मुळं हलवलेली आवडत नाहीत आणि पुरलेला देठ कुजतो. पुन्हा पेरा, थेट कुंडीतच, चार-पाच दिवसांत उगवते.

पण मूळ दुखणं उजेडाचं आहे. किचनच्या खिडकीला ग्रिल, जाळी आणि समोर टॉवर, आमच्याकडे घोडबंदरला तेच, मग रोप उजेड शोधत ताणतच राहतं. बी उगवलं की त्याच दिवशी कप बाल्कनीच्या सगळ्यात उजेडाच्या कोपऱ्यात न्यायचे. आत्ताच्या रोपांना मात्र एकदम ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात ठेवू नका, आधी सकाळचं तासभर ऊन, मग रोज थोडं वाढवत आठवड्याभरात पूर्ण. रोज एकदा शेंड्यांवरून हलकेच तळहात फिरवा, वाऱ्यासारखा, त्याने देठ जाड होतो.

आणि ते मोडलेलं टोमॅटोचं रोप, शेंडा अजून ताजा असेल तर खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात सावलीत ठेवा, आठवड्या-दीड आठवड्यात मुळं दिसतील, मग कुंडीत लावा.