टूल बेल्ट दुकानातच भरून, उकिडवं बसून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबचं फिटिंग, दिवसाचे आठ-नऊ तास, पँटची कंबर ३४. आत्ताचा नायलॉनचा टूल बेल्ट, म्हणजे हत्यारांचा कमरपट्टा, दुपारपर्यंत खाली घसरतो, संध्याकाळी उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, आणि सहा महिन्यांत स्क्रूच्या कप्प्याचा तळ फाटला. आता चामड्याचा घ्यावा की पुन्हा नायलॉनचाच?

चामडं की नायलॉन हे नंतर बघू. आधी मांडीचं बोलू, कारण ते अंगावर काढण्यासारखं नाही. मांडीच्या बाहेरच्या त्वचेला संवेदना देणारी एक नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून, जांघेतून खाली उतरते. तिच्यावर घट्ट पट्टा किंवा जड पिशवी सतत दाबून राहिली की मुंग्या येतात, जळजळ होते, चामडी बधिर होते. डॉक्टर याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात आणि घट्ट कमरपट्टा हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे. तुमच्याकडे हे होण्याचा क्रम सरळ दिसतो. पट्टा घसरतो, म्हणून तुम्ही तो एक भोक पुढे आवळता. आवळलेला पट्टा तरीही उतरतो आणि नेमका त्या नसेवर येऊन बसतो. दाब गेला की बहुतेकांना आराम पडतो. पट्टा बदलूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा पायातली ताकद कमी वाटली, तर डॉक्टरांना दाखवा.

पट्टा घसरायचं मूळ कारण बहुतेकदा माप असतं. पँटचा नंबर म्हणजे टूल बेल्टचं माप नव्हे. कामाचे कपडे घालून, शर्ट खोचून, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरून टेप फिरवा. ३४ च्या पँटवाल्याचं हे माप बहुतेकदा ३६-३७ इंच भरतं. या मापाला बक्कल मधल्या भोकात यायला हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन भोकं शिल्लक राहतात. पट्ट्याचा भार हाडाच्या कडेवर टेकला पाहिजे, पोटाच्या मऊ भागावर नाही. अजून एक गोष्ट: आत पँटचा पट्टा आणि वर टूल बेल्ट असे दोन थर झाले की आतलं बक्कल पोटात रुततं. कामासाठी नाडीची किंवा इलॅस्टिकची पँट असेल तर हा त्रासच उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. बाजारात दिसणारे बरेचसे मोठे पट्टे अमेरिकन पद्धतीचे असतात. तिथे लाकडी घराचा सांगाडा उभ्याने ठोकतात, म्हणून पुढे दोन्ही मांड्यांवर खोल, रुंद पिशव्या लटकवतात. आपलं निम्मं काम उकिडवं बसून चालतं: खालच्या बॉक्सचे (कपाटाच्या सांगाड्याचे) पाय लेव्हल करा, स्कर्टिंग लावा, ड्रॉवरचे चॅनल बसवा. उकिडवं बसलं की मांडी पोटाला लागते, मधे सापडलेली पिशवी दाबली जाते आणि स्क्रू फरशीवर सांडतात. जपानी सुतारांची कोशिबुकुरो, म्हणजे कमरेला बाजूने अडकवायची छोटी पिशवी, आपल्या बैठकीला जास्त जवळची आहे. तिथेही जमिनीलगतचं काम भरपूर असतं.

म्हणून मांडणी अशी करा. पट्टा ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटीमीटर धरा. बक्कलच्या दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटीमीटर, म्हणजे पुढे ३० सेंटीमीटर पूर्ण मोकळे. मागे मणक्यावर १३ सेंटीमीटर मोकळे, कारण तिथे पक्कड किंवा हातोडी असली आणि शिडीवरून पाठीवर पडलात तर ती थेट मणक्यात घुसते. भिंतीला टेकून बसतानाही ती टोचते. उरले ४८, म्हणजे प्रत्येक बाजूला २४ सेंटीमीटर. त्यात १६-१७ सेंटीमीटर रुंदीची एक पिशवी आणि शेजारी एक लूप एवढंच बसतं, आणि तेवढंच पुरतं. पिशवीची खोली पट्ट्यापासून २० सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. त्याहून खोल असेल तर बसल्यावर तिचा तळ टाचेला किंवा फरशीला लागतो, आणि तळाशी गेलेला ड्रिलचा बिट शोधायला अख्खा हात आत घालावा लागतो.

उजव्या हाताने काम करत असाल तर हत्यारं उजवीकडे, स्क्रू आणि चुका (छोटे खिळे) डावीकडे. उजव्या हातात ड्रिल असतं, स्क्रू डावा हात उचलतो. डावखुऱ्यांनी उलट करावं. पिशव्या पट्ट्यावर सरकवून पुढेमागे करता येतील असाच पट्टा घ्या. पट्ट्याला शिवून टाकलेल्या पिशव्यांची मांडणी बदलता येत नाही, आणि एक फाटली की सगळा पट्टा जातो.

वजनाचा हिशेब एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून बघा. १२ व्होल्टचं ड्रिल बॅटरीसकट किलोभर, १८ व्होल्टचं दीड किलो किंवा वर. ५ मीटरचा टेप पाव किलोच्या आसपास. ३५×८ चे (३५ मिलिमीटर लांब, ८ नंबर जाडीचे) शंभर स्क्रू साधारण दोनशे ग्रॅम. त्यात पक्कड, दोन पटाश्या, छोटा गुण्या, कटर, दोन पेचकस आले की साडेतीन किलो सहज होतात. फिटिंगच्या कामाला मी चार किलो ही हद्द धरीन, खांद्याचे पट्टे नसतील तर तीन. हातोडी अर्ध्या किलोची कशाला हवी? मॉड्युलरच्या कामात २५०-३०० ग्रॅमची पुरते. स्क्रूही पाकीटभर न ओतता एका बॉक्सला लागतील तेवढेच घ्या. तीन किलोच्या वर रोज वजन जाणार असेल तर खांद्यावरून येणारे, पट्ट्याला चार ठिकाणी अडकणारे पट्टे लावा. मग कमरेचा पट्टा आवळायची गरज पडत नाही, दोन बोटं आत जातील इतका सैल ठेवता येतो. तुमच्या मांडीसाठी हा बदल सगळ्यात महत्त्वाचा.

पट्टा स्वतः किती रुंद? नुसता दोन इंची पट्टा दोन-अडीच किलोपर्यंत ठीक. त्याहून जास्त वजनाला चार-पाच इंच रुंद गादी हवी, पण गादी अंगठ्याने दाबून बघा. स्पंज पूर्ण दबून खालचा पट्टा अंगठ्याला लागला तर तो महिन्याभरात चपटा होणार. दाबल्यावर थोडाच आत जाऊन लगेच वर येणारा घट्ट फोम चांगला, जाडी १० मिलिमीटरच्या आसपास, आतून जाळीचं कापड. फार जाड गादीत घाम साचतो आणि एप्रिल-मेमध्ये कमरेभोवती घामोळं उठतं.

आता चामडं आणि नायलॉन. चामड्याची पिशवी जड असते, पण तिचं तोंड आपोआप उघडं राहतं. न बघता हात आत जातो, आणि दिवसातून शेकडो वेळा हात आत जाणार असेल तर हे फार मोलाचं आहे. पटाशीची धार, स्क्रूची टोकं चामडं बरीच वर्षं सोसतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर हलकं, पावसात भिजून लवकर वाळणारं. पण टोकदार वस्तू विणीतून आरपार जाते, आणि एकदा धागा तुटला की भोक वाढतच जातं. तुमचा तळ असाच फाटला असणार. शिवाय लोखंडाला भोक पाडून गरम झालेला बिट तसाच आत टाकला तर तो कापड वितळवतो. नायलॉन घ्यायचाच असेल तर १००० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) किंवा त्याहून जाड कापड, तळाला दुहेरी थर किंवा चामड्याचा तुकडा, आणि तोंडाच्या कडेत प्लास्टिकची पट्टी शिवलेली बघा. ६०० डेनियरचं शाळेच्या दप्तराचं कापड या कामाचं नाही.

तुमच्या कामासाठी माझा कौल: पट्टा आणि गादी नायलॉनची, स्क्रूची आणि हत्यारांची पिशवी चामड्याची. अंगाला लागणारा भाग धुता येतो, आणि झीज होते तिथे चामडं येतं.

चामडं ओळखायचं तर कापलेली कड बघा. रेग्झिनच्या कडेला वर प्लास्टिकचा पातळ थर आणि खाली कापडाची वीण दिसते. खऱ्या चामड्यात तंतूंचा दाट गुंता दिसतो. कड आतपर्यंत तपकिरी असेल तर झाडाच्या सालीवर किंवा हिरड्यावर कमावलेलं असण्याची शक्यता जास्त. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं. ते कडक राहतं, आकार धरतं, पण भिजून उन्हात वाळलं की ताठ होऊन तडकतं. कडेच्या मधोमध निळसर-करडी रेघ असेल तर क्रोमवर कमावलेलं. ते मऊ, पाणी जास्त सोसणारं, पण पातळ असलं तर पिशवी लोळते. दोन्ही बाजूंनी केसाळ, मखमली असलेल्या पिशव्या स्वस्त असतात. त्यांचं चामडं आतल्या थराचं असतं, ओझ्याने ताणलं जातं. पिशवीला ३ मिलिमीटरच्या आसपास जाडी हवी. नुसत्या चामड्याचा पट्टा घेणार असाल तर ४ हवी.

पिशवी फाटायला सुरुवात कप्प्यांच्या वरच्या दोन कोपऱ्यांपासून होते, कारण हात घालताना सगळा ताण तिथे येतो. तिथे रिव्हेट हवाच, आणि रिव्हेटच्या मागे वॉशर. वॉशर नसेल तर रिव्हेट चामड्यातून उपटून निघतो. टाके एका सेंटीमीटरला तीनच्या आसपास, कडेपासून किमान ४ मिलिमीटर आत. फार जवळजवळ टाके घातले तर तिथे तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडं त्याच रेषेत फाटतं. तळाचे कोपरे गोल असावेत. चौकोनी कोपऱ्यात भुसा आणि सनमायक्याचे कण घट्ट बसतात, त्यात छोटे स्क्रू अडकतात.

बक्कल स्टीलचं, जाड पिनेचं घ्या. प्लास्टिकचं खटक्याचं बक्कल काढायला-घालायला सोयीचं, पण पट्टा जमिनीवर ठेवला आणि त्यावर पाय पडला की दात तुटतो. पट्ट्याच्या भोकांना धातूचे आयलेट (कड्या) असावेत, नाहीतर रोजच्या भोकाचं वर्षभरात लांबट तोंड होतं आणि माप सैल पडतं.

पटाशी नुसती कप्प्यात टाकू नका. चार मिलिमीटर प्लायच्या दोन पट्ट्या आणि मधे दोन्ही कडांना सहा मिलिमीटर प्लायच्या बारीक काड्या, फेविकॉलने चिकटवून म्यान करा. आतली मोकळी रुंदी पात्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त, तळ बंद. हे म्यान पिशवीच्या मागच्या भिंतीला दोन रिव्हेटने पक्कं केलं की पटाशी धार खाली करून बसते, बसता-उठता मांडीला लागत नाही. ड्रिलचं होल्स्टर खालून उघडं हवं, नाहीतर लांब बिट टेकून ड्रिल वर उचललं जातं. जमिनीलगतच्या कामात मात्र ड्रिल काढून शेजारी ठेवा. मनगटाचा लोहचुंबकाचा पट्टा शिडीवर छान उपयोगी पडतो, पण किचनमधले ३०४ स्टीलचे (न गंजणाऱ्या स्टेनलेसचे) स्क्रू त्याला नीट धरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू रंगाच्या शटरजवळ (कपाटाच्या दारांजवळ) जाताना पट्टा काढूनच ठेवा. हिंज अ‍ॅडजस्ट करायला पुढे वाकलं की बक्कल किंवा हातोडीचं टोक चकचकीत शटरवर घासतं, आणि तो ओरखडा सहज निघत नाही. टेबल सॉ आणि राउटरजवळही पट्टा नको, लोंबणारं टोक फिरत्या पात्यात ओढलं जाऊ शकतं. आणि परांचीवर काम असेल तर टूल बेल्टला सेफ्टी बेल्ट समजू नका. हार्नेस वेगळा, त्याच्या पट्ट्या मोकळ्या राहतील असा टूल बेल्ट वरून बांधायचा, आणि हत्यारं दोरीने अडकवायची.

दुकानात जाताना आपली हत्यारं बरोबर न्या. पट्टा भरा, बांधा, दहा वेळा उकिडवं बसा-उठा, शिडीच्या तीन पायऱ्या चढा, मग जमिनीवर पडलेली पेन्सिल उचला. काही सांडलं, काही टोचलं किंवा पट्टा दोन बोटं खाली आला, तर तो तुमचा नाही. ऑनलाइन घेत असाल तर हेच घरी पहिल्या दिवशी करा, टॅग न काढता.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चामड्यावर बुरशी धरते. संध्याकाळी पिशव्या उलट्या करून झटका, ओल्या असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवा, ऊन आणि हीटर नको. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशने बाहेर नेऊन झाडा. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर, चामड्याला एरंडेलाचा पातळ हात द्या आणि अर्ध्या तासाने फडक्याने पुसून घ्या. जास्त तेल पाजलं तर पिशवी मऊ पडून तोंड मिटायला लागतं. एखादा टाका उसवलेला दिसला की त्याच आठवड्यात चपला-बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे द्या, चार टाके घालायला त्याला काही मिनिटं पुरतात. नायलॉनचा तळ झिजायला लागला तर तिथेही त्याच्याकडून चामड्याचा तुकडा आतून शिवून घेता येतो. तुमच्या जुन्या पट्ट्याचं कापड आणि बक्कल धड असेल तर आधी तेच करून बघा, आणि नव्यात फक्त चामड्याची पिशवी आणि खांद्याचे पट्टे घ्या.