गूढ माणूस आणि त्याच्या भोवतीचे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची वही वाचून झाली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत अचानक येऊन मालक होऊन बसलेला तो अबोल माणूस तुला झकास सुचलाय. पण त्याला गूढ करायच्या नादात पानोपानी खोल डोळे, घोगरा आवाज, कुलूपबंद खोली! एवढं करूनही मला त्याचा धाक वाटेना. कारण वखारीतली एकही बाई, एकही हमाल त्याच्यामुळं बदललेला दिसत नाही. तो आला नसता तरी त्यांचं सगळं असंच चाललं असतं.

अनंतमूर्तींची ‘संस्कार’ (१९६५) वाच. तुला कन्नड येतं, मग आपल्या भागात राहून भाषांतराकडं कशाला जायचं? त्यातलं सगळं नारणप्पाभोवती फिरतं, आणि तो सुरुवातीलाच मेलेला आहे. आयुष्यभर अग्रहाराचा, म्हणजे ब्राह्मणवस्तीचा, आचार मोडून जगलेला माणूस. आता त्याला अग्नी द्यायचा कोणी? प्रेत पडून आहे तोवर कुणाला जेवताही येत नाही. सगळे अंग काढून घेतात. मग त्याच्यासोबत राहणारी चंद्री अंगावरचे दागिने उतरवून अग्रहारातले पंडित प्राणेशाचार्य यांच्यापुढं ठेवते, खर्चासाठी. झालं! आत्तापर्यंत नको म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं सोनं नाचायला लागतं, बायका नवऱ्यांना टोचायला लागतात. नारणप्पा आपल्याला तुकड्यातुकड्यानंच कळतो. पण अग्रहारातले गरुडाचार्य आणि लक्ष्मणाचार्य किती पाण्यात आहेत ते लख्ख दिसतं. आणि ज्यांनी शास्त्रातून उत्तर काढायचं, त्या प्राणेशाचार्यांचंच आयुष्य पार उलटंपालटं होतं. हे सगळं एका मेलेल्या माणसानं केलं.

मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’मध्ये (१८५१) देवमाशाच्या शिकारीला निघालेल्या जहाजाचा कप्तान अहॅब डेकवर दिसायला २८वं प्रकरण उजाडतं. तोवर नुसती कुजबुज. मला विचारशील तर त्याची जरब त्याच्या लांबलचक भाषणांपेक्षा स्टारबकमध्ये जास्त दिसते. हा त्याच्या हाताखालचा पहिला अधिकारी. शहाणा, देवभीरू, बायकोपोराच्या ओढीचा. कप्तान सगळ्यांना मरणाच्या दारी नेतोय हे त्याला स्वच्छ कळतं. एका रात्री तो केबिनच्या दाराशी हातात बंदूक घेऊन उभा राहतो. आत अहॅब झोपलेला. आणि स्टारबक बंदूक जागेवर ठेवून निघून जातो.

एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’मधला (१८४७) हीथक्लिफ घर सोडून गेल्यावर तीन वर्षं कुठं होता, पैसा कुठून आणला, हे शेवटपर्यंत कळत नाही. ज्या हेअरटनला, आपल्या वैऱ्याच्या पोराला, त्यानं मुद्दाम अडाणी ठेवलं, तोच त्याच्या प्रेताशी रात्रभर रडत बसतो. यावर निबंध लिहायचा मोह मात्र आवर, आधी कादंबरी पुरी कर.

आता ते खोलीचं कुलूप काढून टाक. किल्ली कुणाकडं असेल याचा घोर कुणाला लागलेला असेल, तरच राहू दे. पुढची काही प्रकरणं मालकाला वखारीत आणूच नकोस. तो फाटकाशी आलाय अशी नुसती हूल उठली, की तंबाखूच्या धुळीनं शिंकणाऱ्या बायका शिंक कशी दाबतात ते दाखव. दिवाणजी वजनात मारायचा ना? आता तो भिऊन थांबलाय, की मालकाच्या नावावर दुप्पट मारतोय? विडी वळणारी म्हातारी ही तुझ्या वहीतली सगळ्यात जिवंत बाई. मालक कुठला, कोण, हे ती सुनेला तिच्या घरच्या कन्नडमध्ये सांगू दे. सुनेचं मत निराळं निघालं तर दोघींना भांडू दे, तू मध्ये पडून निवाडा करू नकोस.

तुझे,
सर