मेटाऱ्हायझियम टाकूनही हुमणी जिवंत दिसते, मग तिची पुढची पिढी तरी कमी होते का?

तुमच्या उसात मेटाऱ्हायझियम ही किडी मारणारी बुरशी टाकली, तरी खणल्यावर जिवंत हुमण्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळ्या, निघाल्या. दुकानदार म्हणतो, "मेली नाही तरी बुरशीच्या विषानं तिची अंडी घालायची ताकद जाते." हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे, पण त्यानं अर्धंच सांगितलं.

पुड्यात विष नसतं, बीजाणू म्हणजे बुरशीचं बी असतं. बीजाणू हुमणीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजून आत शिरतो आणि अंगात वाढताना डिस्ट्रक्सिन नावाची विषं सोडतो. त्यानं स्नायूंतल्या कॅल्शियमचा तोल बिघडतो, अळी लुळी पडते, प्रतिकारशक्तीही दबते. धडधाकट हुमणी हातात घेतली की लगेच इंग्रजी सी सारखं अंग आवळते. लागण झालेली सैल पडून राहते. मेल्यावर ती कडक होते, आधी पांढरी, मग हिरवी बुरशी चढते.

मात्रा अपुरी पडली की तुमच्या प्रश्नातला भाग येतो. अळी कमी खाते, कात टाकायला उशीर लावते, कोष हलका होतो, काही किडींत पंख वाकडे निघतात. अंड्यांसाठी लागणारी चरबी आणि प्रथिनं बरीचशी अळीपणीच साठवलेली असतात. तो साठा आटला की अंडी कमी, आणि घातलेल्यांतलीही कमी फुटतात. मात्र असले बरेच निष्कर्ष प्रयोगशाळेतले आहेत, शुद्ध विष टोचून किंवा पानाला लावून काढलेले. शेतात तेवढी मात्रा प्रत्येक हुमणीला मिळेलच असं नाही.

दुकानदारानं गाळलेली गोष्ट दुसरीच. हुमणीची पिढी वर्षाला एकच. त्यामुळं अंडी कमी झाली तरी ते कळणार पुढच्या पावसाळ्यात. यंदाचा ऊस त्यानं वाचत नाही. शिवाय भुंगेरे, म्हणजे हुमणीचे मोठे झालेले किडे, उडून येतात, बांधाला कुंपण घालून थांबत नाहीत.

आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात सोयाबीनवर बुरशीचं काम उघड्यावर दिसतं. श्रावणातल्या झडीत तंबाखूची अळी पानाला चिकटून ताठ मेलेली सापडते, अंगावर आधी पांढरी, मग फिकट हिरवी पूड. ती नोमुरिया नावाची दुसरी बुरशी, आपसूक येते. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं तिच्यावर बरंच काम केलंय. तेव्हा बुरशीनाशकाची फवारणी हात राखून करा, नाहीतर फुकटची मदत आपणच मारू.

मेटाऱ्हायझियम टाकायचंच तर ओल असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सरीत मातीआड करा. उन्हात बीजाणू मरतात. अळी लहान असताना, म्हणजे जून-जुलैत. ऑगस्ट-सप्टेंबरात ती थोराड झाली की मुळं कुरतडून मोकळी होते. आणि वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात, ते फांद्या हलवून पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे शेजाऱ्यांना घेऊनच करा, एकट्यानं केलं तर फारसा फरक पडत नाही.